मदत हवी आहे: डावखुऱ्या मुलीसाठी कात्री

मुलगी साडेचार वर्षांची, घरीच शिकते, पूर्ण डावखुरी. कागद कापला जात नाही, पात्यांमध्ये दुमडून अडकतो आणि ती रडकुंडीला येते. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने जवळ येतात, डाव्या हातात तीच फाकतात. शिवाय वरचं पातं रेघ झाकतं. ‘दोन्ही हातांसाठी’ लिहिलेली कात्री आणली, पण तिची फक्त मूठ सारखी निघाली, पाती उजवीच. कार्डशीट थोडंफार जमतं, घोटीव कागद अजिबात नाही. हात बदलायला लावणार नाही, हे नक्की. टोकं बोथट हवीत, लांबी ५ इंचांच्या आत.

उलट्या पात्यांची खरी डावखुरी कात्री वापरली आहे का कुणी? प्लास्टिकची पाती पुरतात की स्टीलचीच घ्यावी? आणि अंगठ्याने उलटा दाब द्यायची लागलेली सवय कशी मोडली?