वर्डस्टार ४.० : सुधारणा की माघार?

शिक्कामोर्तब

गेल्या आठवड्यात जुन्या सॉफ्टवेअरच्या गप्पांत वर्डस्टार या जुन्या वर्डप्रोसेसरबद्दल एकानं लिहिलं, "वर्डस्टार ४ म्हणजे कंपनीनं घेतलेली माघार." मला ते पटलं नाही आणि तिथं दोन ओळींत उत्तर देऊन भागणारही नव्हतं, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मायक्रोप्रो या अमेरिकी कंपनीनं १९७८ साली सीपी/एम (डॉसच्या आधीची कार्यप्रणाली) यंत्रांसाठी वर्डस्टार काढलं. प्रोग्राम लिहिला रॉब बार्नबी यांनी, कंपनी सीमूर रुबिनस्टाइन यांची. १९८२ मध्ये ते आयबीएम पीसीवर आलं आणि पाठोपाठ १९८३ मध्ये ३.३. आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूटांच्या पाट्यांवर "डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस" असं लिहिलेलं असायचं, त्यातलं वर्डस्टार हेच. मग १९८४ च्या अखेरीस कंपनीनं वर्डस्टार २००० जाहीर केलं. त्यात कमांड नव्या होत्या, फाइलींची रचना नवी होती, आणि सुरुवातीला प्रोग्रामच्या फ्लॉपीची कॉपी करण्यावर बंदी होती. दुसरीकडे कंपनी सोडून गेलेल्या काही जणांनी न्यूवर्ड नावाचा वर्डप्रोसेसर काढला होता, तो मात्र जुन्या वर्डस्टारच्याच कमांडवर चालायचा. शेवटी मायक्रोप्रोनं त्यांची कंपनीच विकत घेतली आणि १९८७ च्या फेब्रुवारीत न्यूवर्डवर बेतलेलं वर्डस्टार ४.० बाजारात आणलं. "माघार" म्हणतात ती ही.

मी पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. इंग्रजीतली खरेदीखतं, भाडेकरार, नोटिसा. मसुदा एकच, पक्षकारांची नावं आणि चतुःसीमा बदलायच्या. एका ड्राइव्हमध्ये प्रोग्रामची फ्लॉपी, दुसऱ्यात कामाची. ३.३ माझ्या हातात इतकं बसलं होतं की मी पडद्याकडे न बघता पक्षकाराशी बोलत टाइप करायचे. कंट्रोलवर करंगळी, ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. बाहेरच्या ए आणि एफनं शब्दाशब्दानं उडी. हात मधल्या ओळीवरून हलायचेच नाहीत.

पण ३.३ ची एक गोष्ट रोज भोवायची. बदललेले समास फाइलीबरोबर साठवले जात नसत. फाइल उघडली की उजवा समास परत ६५ वर. काल आत घेतलेल्या परिच्छेदात आज एक नाव बदलून कंट्रोल-बी दाबलं, की तो नव्यानं जुळताना पान रुंदावून जायचा. प्रत्येक मसुद्याचे समास मी वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले होते. ४.० मध्ये डॉट-एलएम (डावा समास) आणि डॉट-आरएम (उजवा समास) आले आणि समास मजकुरातच लिहिता येऊ लागले. ती वही मी त्या दिवशी कपाटात ठेवली.

दुसरं म्हणजे ३.३ मध्ये कंट्रोल-वाय दाबलं की अख्खी ओळ कायमची गेली. ४.० मध्ये कंट्रोल-यू दाबलं की पुसलेलं परत. चतुःसीमेची ओळ चुकून उडाल्यावर पूर्वेला कोणाचा गट नंबर होता ते आठवत बसायचं आणि एक कळ दाबायची, यातला फरक ज्यानं दस्त टाइप केलेत त्यालाच कळेल. तिसरं, हार्डडिस्कवरचे वेगवेगळे कप्पे ३.३ ला दिसतच नसत, ४.० ला ते दिसू लागले.

एवढं सगळं दिलं आणि माझ्या बोटांना एकही नवी सवय लावायला सांगितली नाही. माझ्या मते सुधारणा याला म्हणतात.

फळा-खडू

ताई, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून पूर्ण असहमत.

मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सात-आठ वर्षं वर्डस्टार शिकवलं. तुमची बोटं तयार होती. माझ्यासमोर दर तीन महिन्यांनी तीस कोरी बोटं यायची, असं म्हणा. त्यांना शिकवायचं काय? ठोकळ्याची, म्हणजे निवडलेल्या मजकुराची, सुरुवात कंट्रोल-के-बी. बी म्हणजे बिगिन हे समजतं, पण के कशासाठी? शेवट कंट्रोल-के-के. नक्कल कंट्रोल-के-सी, हलवायला कंट्रोल-के-व्ही, पुसायला कंट्रोल-के-वाय. फाइल साठवून बाहेर पडायला पुन्हा के, कंट्रोल-के-डी. ठोकळा आणि फाइल एकाच दाराआड. पोरं पाठ करायची, परीक्षा द्यायची आणि महिन्याभरात विसरायची.

वर्डस्टार २००० नं हेच दुरुस्त करायला घेतलं होतं. ठोकळ्यासाठी बी, काढून टाकण्यासाठी रिमूव्हचा आर. कमांडचं नाव आठवलं की कळ आठवते. ज्या कंट्रोल-यूचं तुम्ही कौतुक करताय, ते पुसलेलं परत आणणंही २००० मध्ये आधीपासून होतं. एकाच वेळी एकाहून जास्त मजकूर पडद्यावर उघडता येत होते. दिशा बरोबर होती. ४.० नं ती दिशा सोडली आणि १९७८ च्या कळा पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधल्या. जुन्या गिऱ्हाइकाला खूश ठेवणं हा धंदा झाला, त्याला मूल्यमापन म्हणता येत नाही. एखादी आवृत्ती चांगली की वाईट हे पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला विचारा.

हार्डवेअरवाला

दोघांनीही कळफलक कोणता होता ते सांगितलं नाही, आणि निम्मा वाद तिथंच आहे.

मूळ आयबीएम पीसीचा कळफलक ८३ कळांचा. त्यात कंट्रोल ए अक्षराच्या लगेच डावीकडे होता, आज जिथं कॅप्स लॉक असतो तिथं. वर्डस्टारची ई-एस-डी-एक्सची चौकट त्या जागेसाठी एकदम फिट. करंगळी नुसती सरकवायची. पुढे १०१ कळांचे कळफलक आले आणि कंट्रोल गेला खालच्या कोपऱ्यात. ४.० बाजारात आलं तोपर्यंत नवी यंत्रं त्याच कळफलकांनी यायला लागली होती. म्हणजे कमांड तीच, पण तिच्यासाठी करंगळी मुडपून खाली न्यायची. बाणांच्या कळाही वेगळ्या मिळाल्या होत्या. फळा-खडू सरांचे विद्यार्थी बहुतेक याच कळफलकावर शिकले असणार, म्हणून त्यांना चौकटीत काही विशेष वाटलं नसेल.

मी कंट्रोल आणि कॅप्स लॉकची अदलाबदल करणारा छोटा प्रोग्राम बऱ्याच गिऱ्हाइकांना टाकून दिलाय. मागणारे सगळे वर्डस्टारवाले.

तळटीप

मी तेव्हा अमेरिकेत प्रबंध लिहित होतो, इतिहासाचा. माझ्या दृष्टीनं ४.० आणि २००० हा वाद घरातल्या दोन भावांचा आहे, शेजारचं घर कोणी बघतच नाहीये.

इतिहासाच्या प्रबंधात तळटिपा असतात. माझ्या एका प्रकरणात सत्तरच्या वर होत्या. वर्डस्टार ४.० मध्ये तळटिपांची सोय नव्हती. ती आली ५.० मध्ये, १९८८ साली. पानाचं पूर्वदर्शन आणि दोन खिडक्याही तेव्हाच. वर्डपरफेक्ट या प्रतिस्पर्धी वर्डप्रोसेसरमध्ये तळटिपा ४.२ ला, म्हणजे १९८६ लाच होत्या. मध्ये एक टीप घातली की पुढचे सगळे आकडे आपोआप सरकायचे आणि टीप बरोबर त्याच पानाच्या तळाशी बसायची. विद्यापीठाच्या संगणक कक्षात वर्डस्टारवाला एक मित्र शेजारी बसायचा. मार्गदर्शकांनी एक टीप वाढवायला सांगितली की तो पेन्सिल घेऊन छापील प्रतीवर आकडे खोडत बसायचा. मला त्याचं वाईट वाटायचं.

वर्डपरफेक्टच्या कळा सोप्या होत्या असं मी म्हणणार नाही. एफ-७ नं बाहेर, शिफ्ट-एफ-७ नं छपाई, मदत एफ-३ वर. एफ कळांभोवती रंगीत अक्षरांची पट्टी लावल्याशिवाय कोणाचं चालत नसे. पण 'रिव्हील कोड्स' उघडलं की पडद्याच्या खालच्या भागात ठळक कुठं सुरू झालं, कुठं संपलं, सगळं उघडं दिसायचं. बिघाड शोधून बोट ठेवता यायचं. १९८९ च्या अखेरीस ५.१ आलं तेव्हा तक्ते आणि वरून उघडणारे मेनूही आले, आणि स्पर्धा संपल्यातच जमा झाली.

बोटांची सवय मोडायला मला पंधरा दिवस लागले. प्रबंध चार वर्षं चालला. हिशेब तुम्हीच करा.

जुळारी

छापखान्याच्या बाजूनं लिहितो. आमच्याकडे इंग्रजी मजकूर वर्डस्टारमध्ये आणि मराठीला खिळे, हे बरीच वर्षं चाललं. त्यामुळे या तिन्ही पक्षांत माझा चौथा मुद्दा.

इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, एका बाइटात आठ असतात. वर्डस्टारनं तो उरलेला आठवा बिट स्वतःच्या खुणांसाठी वापरला. डॉक्युमेंट म्हणून केलेली फाइल डॉसमध्ये टाइप कमांडनं उघडून बघा, शब्दांची शेवटची अक्षरं चित्रविचित्र दिसतात. खूण तिथंच असते. बार्नबी यांच्यासमोर ६४ केबी मेमरीची यंत्रं होती, फुकट पडलेला बिट वापरणं ही त्या काळातली हुशारीच. पण देवनागरीला जागा हवी होती ती नेमकी तिथंच. भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या इस्की संकेतांत खालची १२८ घरं इंग्रजीची आणि भारतीय लिप्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे आठवा बिट लागलेल्या. एकाच खुंटीवर दोघांचे अंगरखे.

आमच्या मराठीचं काम सुटलं ते जिस्ट कार्डानं. मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे पुण्याच्या सी-डॅकनं ते कार्ड घरोघर नेलं. पीसीच्या खाचेत कार्ड बसवायचं, आणि डॉसच्या साध्या पडद्यावर देवनागरी. आम्ही मराठीसाठी त्यांचाच एएलपी हा वर्डप्रोसेसर वापरला. पहिल्या दिवशी पडद्यावर "क्ष" जोडून आलेला बघितला तेव्हा आमचे सगळ्यात जुने जुळारी खुर्ची ओढून बसले आणि जोडाक्षरं एकेक करून मागायला लागले. "ज्ञ काढ. आता र्‍य काढ. आता ष्ट्य." तासभर चाललं होतं.

म्हणून मला विचाराल तर ४.० ची परीक्षा कळांवर घेऊ नये. एवढी मोठी नवी आवृत्ती काढताना मजकूर साठवायची पायाभूत पद्धत बदलायची संधी होती. जुन्या फाइली उघडायला हव्यात म्हणून तीच ठेवली. शिक्कामोर्तब ताईंना जे देणं वाटलं, ते आम्हाला अडसर वाटलं.

शिक्कामोर्तब

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

तळटीप, तुमचा मुद्दा मान्य. दस्ताला तळटीप नसते म्हणून माझ्या ते डोक्यातच आलं नाही. प्रबंध लिहायचा असता तर मीही वर्डपरफेक्टच घेतलं असतं.

जुळारी, आठव्या बिटाचं मला आजवर माहीत नव्हतं. आमच्याकडे मराठी नोटिसा शेवटपर्यंत टाइपरायटरवरच झाल्या, त्यामुळे ती अडचण माझ्यापर्यंत आलीच नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

फळा-खडू सर, तुमच्याशी मात्र भांडण चालू. पहिल्यांदा बसणाऱ्याला विचारा म्हणता. पण माणूस पहिल्यांदा एकदाच बसतो, त्यानंतर वर्षानुवर्षं रोज बसतो. के कशासाठी हे मलाही कधी कळलं नाही, आणि तिसऱ्या महिन्यानंतर तो प्रश्न पडलाही नाही. के दाबलं की वर मेनू थांबून वाट बघतो. माहीत असेल तर दुसरी कळ लगेच दाबा, मेनू दिसतच नाही. नवख्याला वाचायला वेळ आणि सरावलेल्याला मोकळी वाट, दोन्ही एकाच जागी. आणि कळा एवढ्या टाकाऊ असत्या, तर टर्बो पास्कल या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाच्या एडिटरनं १९८३ साली त्याच का घेतल्या? तो तर वेगळ्या कंपनीचा होता.

फळा-खडू

टर्बो पास्कलनं घेतल्या कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यांना त्या आधीच येत होत्या. पुन्हा तेच, आधीच येणाऱ्यांची सोय.

पण मेनूचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी पोरांना मेनू वाचायला थांबूच द्यायचो नाही, थेट कळा पाठ करून घ्यायचो, कारण परीक्षेत कळा विचारायचे. मेनू वाचत शिकवलं असतं तर कदाचित एवढी विसरली नसती. यावर विचार करतो. तरी २००० बद्दलचं माझं मत कायम आहे. कॉपीचं कुलूप त्यांनी नंतर काढलं, पण पहिल्या काही महिन्यांत जे नाव खराब झालं ते झालं. मंद चालायचं हेही कबूल. दोन फ्लॉप्यांच्या यंत्रावर ते चालवणं हाल होते. कल्पना मात्र चुकीची नव्हती.

हार्डवेअरवाला

ताई, एक विचारायचं राहिलं. ३.३ मध्ये केलेल्या फाइली ४.० मध्ये उघडल्यावर काही बदलायला लागलं का?

शिक्कामोर्तब

काही नाही. पहिल्या दिवशी मी मुद्दाम सगळ्यात जुना भाडेकरार उघडला, तो जसाच्या तसा आला. वर दोन ओळी वाढवल्या, डॉट-एलएम आणि डॉट-आरएम, वहीतले आकडे बघून. मग कंट्रोल-के-डी. असे चाळीसेक मसुदे होते, दोन दुपारी लागल्या.