मदत हवी आहे: ८ − ३ चं उत्तर दर वेळी ६ येतं

मुलगी साडेपाच वर्षांची आहे. वीसपर्यंत वस्तू न चुकता मोजते. ५ + ३ साठी मात्र आधी पाच बोटं एकेक करून उघडते, मग तीन, मग सगळी पुन्हा एकपासून मोजते. "पाचच्या पुढे मोज" म्हटलं की "पाच, सहा, सात" म्हणून ७ सांगते. ८ − ३ ला "आठ, सात, सहा", उत्तर ६. वस्तू हातात दिल्या की दोन्ही बरोबर येतात. उत्तरं पाठ करून घ्यावीत का? वजाबाकी काही दिवस थांबवावी का?

प्रतिसाद १

दोन्हीकडे चूक एकच आहे. ज्या आकड्यावर ती उभी आहे, त्यालाच ती पहिली उडी धरते. म्हणून बेरीज एकाने कमी येते आणि वजाबाकी एकाने जास्त. पाठांतराने ही चूक फक्त झाकली जाईल.

झाकणाची डबी घ्या. पाच बटणं तिच्यासमोर मोजून आत टाका, झाकण लावा, वर ५ लिहा. तीन बटणं बाहेर ठेवा. डबीवर हात ठेवून "पाच" म्हणायचं, मग बाहेरच्या एकेका बटणाला बोट लावत "सहा, सात, आठ". आतली बटणं दिसत राहिली तर मूल पुन्हा एकपासून मोजतं, म्हणून झाकण हवंच. तिला उघडून खात्री करायची असेल तर खुशाल करू द्या. भरवसा बसला की ती स्वतःच उघडणं सोडेल.

वजाबाकीत आधी कृती, मग आकडा. डबीत आठ. एक बटण बाहेर काढल्यावरच "सात" म्हणायचं, दुसरं काढल्यावर "सहा", तिसऱ्याला "पाच". बटण हलल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. नंतर हेच ० ते १० च्या संख्यापट्टीवर करा, पण घरं मोजू नका, उड्या मोजा. घरं मोजली की तीच चूक परत येते.

प्रतिसाद २

वजाबाकी थांबवू नका. फक्त आधी तपासा: दहापासून एकपर्यंत ती न अडखळता उलटं म्हणते का? "सातच्या आधी कोण?" याला लगेच उत्तर येतं का? येत नसेल तर उलटं आठवणं आणि किती वेळा मागे गेलो हे लक्षात ठेवणं, अशी दोन कामं एकाच वेळी पडतात आणि मूल गोंधळतं. रोज पाच मिनिटं नुसतं उलटं मोजणं घ्या.

बोटांना मनाई नको. पाच बोटं मात्र एकेक न मोजता पंजा एकदम उघडून दाखवायची सवय लावा.

धागाकर्ती

उलटं मोजताना सहाशी अडखळते. ९ − ७ सारखं उदाहरण आलं तर सात वेळा मागे जायचं?

प्रतिसाद २

नाही, तिथे सातपासून नऊपर्यंत चढायचं: आठ, नऊ. दोन उड्या, उत्तर २. पण त्याआधी "किती उरले" आणि "किती जास्त" हे वेगळे प्रश्न वस्तूंनी दाखवा. नऊ बटणांची एक ओळ, तिच्याखाली सातची, जोडीला जोडी लावून. जोडीविना उरलेली दोन डोळ्यांना दिसतात. ही ओळख झाल्यावरच पट्टीवर चढणं दाखवा, एरवी वजाबाकीत पुढे का जायचं हे तिला कळणार नाही.

प्रतिसाद १

२ + ६ आलं तर सहाची डबी करायची, दोनची नाही. पण हे तिला थेट सांगू नका. २ + ६ आणि ६ + २ लागोपाठ द्या आणि कोणतं लवकर झालं एवढंच विचारा.