पौलाचं ‘शरीर’: समता की नुसती समजूत?

उंबरठा:
ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याने इ.स. 53-55च्या सुमारास लिहिलेलं पत्र वाचतोय. बाराव्या अध्यायात तो म्हणतो, तुम्ही सगळे मिळून ख्रिस्ताचं शरीर आहात. हे रूपक त्याचं स्वतःचं नव्हे. इ.स.पू. 494 मध्ये रोमची सामान्य जनता रुसून शहराबाहेर जाऊन बसली, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने हातातोंडाने पोटाविरुद्ध केलेल्या संपाची गोष्ट सांगून त्यांना परत आणलं, असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. तात्पर्य सरळ: पोटाला, म्हणजे उमरावांना पोसा, नाहीतर तुम्हीच वाळाल. पौल तीच गोष्ट उलटी फिरवतो. दुबळे वाटणारे अवयवच जास्त गरजेचे! स्वतःचं देऊळ नाही, नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाचा, ग्रंथ अजून जमायचाय, अशा वेळी ज्यू, ग्रीक, गुलाम, मोकळे या सगळ्यांना ‘आपण’ म्हणायला शिकवलं ते या रूपकाने, असं माझं ठाम मत.

ताकभात:
रूपकाने पोट भरत नाही हो. एक अध्याय मागे जा. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या जेवणाला, जमलेत आणि एक उपाशी, दुसरा पिऊन तर्र! ओळख घडली ती व्यवहारातून. एकत्र जेवण, जेरुसलेमच्या गरिबांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढायचे पैसे (सोळावा अध्याय). रूपक ही नंतरची सजावट.

उंबरठा:
मग त्या भांडणावर पौल तोडगा काय काढतो? शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, एकमेकांसाठी थांबत जा. ताटावरचं भांडण तो रूपकानेच मिटवतोय की!

ताकभात:
तिथे ‘शरीर’ म्हणजे मंडळी की प्रभुभोजनातली, ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सोयीचा अर्थ धरू नका.

दगडीचाळ:
पुरुषसूक्त आठवलं. तिथे पायांच्या वाट्याला काय आलं ते सांगायला नकोच.

रानजाई:
त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे भांडू. पण पाय सोडा, मस्तकाचं बघा. करिंथकरांच्या बाराव्या अध्यायात डोकं हा अनेक अवयवांतला एक. पौलाच्याच नावावरच्या इफिसकरांच्या पत्रात मात्र ख्रिस्त मस्तक, आणि पाठोपाठ नवरा बायकोचं मस्तक, गुलामांनी धन्याचं ऐकावं. समतेचं रूपक पिढीभरात शिडी झालं.

उंबरठा:
इफिसकरांचं पत्र पौलाचं नसावं असं बरेच अभ्यासक मानतात. त्याचं खापर पौलाच्या डोक्यावर कशाला?

रानजाई:
करिंथकरांचा अकरावा अध्याय तर त्याचाच ना? ‘स्त्रीचं मस्तक पुरुष’ तिथेही आहे. अनेसिम या गुलामाबद्दल त्याचा धनी फिलेमोन याला लिहितानाही ‘गुलाम नव्हे, प्रिय बंधू म्हणून घे’ म्हणतो, पण ‘त्याला मोकळा कर’ असं स्पष्ट म्हणत नाही.

उंबरठा:
आणि रोमन सुभेदार प्लिनी? इ.स. 112च्या आसपास बिथिनियातून (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) तो सम्राट त्राजानला कळवतो, की ख्रिस्ती ज्यांना ‘सेविका’ म्हणतात अशा दोन गुलाम बायकांचा छळ करून मी माहिती काढली. गुलाम बाईला मंडळीत पद मिळालं ते कशाच्या जोरावर?

ताकभात:
पद मिळालं, मान्य. पण छळ त्यांच्याच वाट्याला आला, कारण गुलामाची साक्ष छळ करून घेणं रोमन कायद्यात बसत होतं. मंडळीबाहेर त्या गुलामच होत्या.