नॉर्थ डकोटा-साउथ डकोटा: तळ्याकाठी आणि बॅडलँड्समध्ये तंबू कसा टिकवायचा?

प्रश्न: नॉर्थ डकोटातल्या लेक सकाकावियाकाठी दोन रात्री, मग साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कातलं सेज क्रीक कॅम्पग्राउंड. कापडी बेल टेंट (घंटेच्या आकाराचा तंबू) आहे. वाऱ्यात टिकेल का?

उत्तर १: टिकेल, पण सोबतच्या बारीक खुंट्या नकोत. ३० सेंटिमीटरच्या पोलादी खुंट्या घ्या, दोरीच्या ओढीविरुद्ध तिरक्या ठोका. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. दोऱ्या सुती असतील तर पावसात भिजून आखडतात आणि खुंट्या उपटतात. पाऊस येताना थोड्या सैल करा. काठाला अगदी खेटून तंबू लावू नका, मोकळ्या पाण्यावरून वारा थेट येतो.

उत्तर २: सेज क्रीकला पिण्याचं पाणी नाही. माणशी दिवसाला निदान ४ लिटर न्या. पार्कात शेकोटीला बंदी आहे, गॅसचा स्टोव्ह लागेल. बायसन (अमेरिकी गवे) तंबूंमधून फिरतात. अंतर राखा, वाट अडवू नका.

उत्तर ३: खरी अडचण मातीची! बॅडलँड्समधल्या चिकणमातीत बेंटोनाइट (पाणी शोषून फुगणारी माती) असतं. कोरडी असताना पॉपकॉर्नसारखी भुसभुशीत दिसते, भिजली की साबणासारखी निसरडी होते, बुटाला थरावर थर चढतो. सेज क्रीकचा रस्ताही कच्चा आहे. जोराचा पाऊस असेल तर आदल्या दिवशीच निघा.