मदत हवी आहे : मुंबई ते न्यूयॉर्क, प्रत्यक्ष हवेत किती तास?

आई-वडील जानेवारीत मुंबईहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर थेट विमानाने येणार आहेत. पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळच्या मार्गाने हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेग धरल्यास १४ तास होतात, परंतु तिकिटावर १६ तासांच्या आसपास वेळ दिसतो. दोन्ही शहरांतील साडेदहा तासांचा हिवाळी फरक जमेस धरूनच हा हिशेब केला आहे. न्यूयॉर्ककडे येताना वारे समोरून येतात हे मान्य, पण सगळी तफावत त्यांचीच असावी असे वाटत नाही. वडिलांच्या इन्सुलिनच्या वेळा डॉक्टर प्रवासाच्या तासांवरून ठरवून देणार आहेत, आणि गुडघ्यांमुळे मध्ये विमान बदलणे शक्य नाही. तिकिटावरील कालावधीत धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळ धरलेला असतो का, आणि हिवाळ्यात प्रत्यक्ष उड्डाणाला साधारण किती तास लागतात?