फिल्टर बदलल्यापासून बोटीचं डिझेल इंजिन पाच मिनिटांत बंद पडतंय, मदत हवी आहे

मंडळी, दोन सिलिंडरचं छोटं इंजिन आहे, काल दोन्ही फिल्टर बदलले, टाकीकडचा पाणी वेगळं करणारा आणि इंजिनवरचा बारीक, आणि तेव्हापासून डिझेलच्या लाईनमधली हवा काही संपतच नाहीये. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाची हाताने मारायची लिव्हर आधी नुसतीच ढिली हलत होती, इंजिन हाताने एक फेरा फिरवल्यावर जोर लागला, कॅमवर (पंप चालवणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) अडकली असणार. मग फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा) सैल करून पंप मारला, आधी पांढरट फेस आला मग सलग डिझेल, तसंच इंजेक्शन पंपाचं केलं, शेवटी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे नट ढिले करून स्टार्टर मारला (तेवढा वेळ समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवला, नाहीतर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं).

सुरू होतं, छान चालतं, मग आरपीएम वरखाली आणि बंद. परत स्क्रू उघडला की बुडबुडे! बाहेर कुठेही डिझेलचा थेंब नाही, म्हणजे लिफ्ट पंपाच्या आधी, ओढणाऱ्या बाजूलाच हवा शिरतेय असं वाटतं. ओ-रिंग नवीन आहे, पण तांब्याचे वॉशर जुनेच परत लावलेत.

आधी वॉशर बदलू की पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये लावून बुडबुडे नेमके कुठून येतात ते बघू? कोणी असं शोधलंय का? प्लीज सांगा, इंजिनवर भरवसा नसताना बोट बाहेर काढायची हिंमत होत नाहीये.