गेम खेळताना वर्षाला किती फ्रेम रेंडर होतात (चित्रं तयार होतात), हिशोब कसा धरायचा? मदत हवी आहे

भावांनो, राजारामपुरीतल्या मित्राबरोबर ६० आणि १४४ एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम) तुलना चाललीय. रोज २ तास गेम धरला तर ७,२०० सेकंद, म्हणजे वर्षाला ६० वर १५.७७ कोटी फ्रेम आणि १४४ वर ३७.८४ कोटी, इथवर ठीक. पण एफपीएस एकसारखा कुठं राहतोय, मारामारी लागली की ९० वर येतोय, मेनूत परत १४४. रोजच्या सरासऱ्यांची सरासरी काढून बघितली, पण त्यात अर्ध्या तासाचं आणि चार तासांचं सेशन सारखंच धरलं जातंय, ते काय पटत नाही. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, एफपीएसची कमाल मर्यादा (कॅप) १४४ ला, फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम बनवून घालणं) बंद, आफ्टरबर्नर या एफपीएस नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा लॉग आहे. नवीन ग्राफिक्स कार्ड सुचवू नका, आकडा तेवढा नीट पाहिजे. मग सगळ्या सेशनच्या एकूण फ्रेम भागिले एकूण सेकंद असं धरू का, आणि मेनू-लोडिंगचा वेळ मोजायचा की वगळायचा?